ग्लूमहेवनचे सहा सुरुवातीचे क्लास: कार्डांचा हिशेब, बिल्ड आणि गटाची बांधणी

खारफुटी (धागाकर्ता)

दादरला रविवारी जमणारा आमचा गट ग्लूमहेवन या बोर्ड गेमची मोहीम नव्याने सुरू करत आहे आणि चौघांपैकी कोणी कोणता क्लास (पात्राचा प्रकार) घ्यावा यावर अजून एकमत झालेले नाही. या खेळाची चर्चा बहुतेक वेळा ‘सर्वांत ताकदवान क्लास कोणता’ या प्रश्नापाशी येऊन थांबते. मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. एखादा क्लास आपली कार्डे किती फेऱ्यांत आणि कोणत्या वेळी खर्च करतो, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी कोण उभे असते, यावर त्याची खरी किंमत ठरते असे माझे मत आहे. ते येथे सविस्तर मांडतो; जाणकारांनी तपासून पाहावे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आयझॅक चिल्ड्रेस यांनी रचलेला हा खेळ सेफालोफेअर गेम्सने २०१७ साली आणला. एक ते चार खेळाडू एकाच बाजूने, खेळानेच चालवलेल्या राक्षसांविरुद्ध खेळतात. खोक्यात १७ क्लास आहेत, पण सुरुवातीला ब्रूट, टिंकरर, स्पेलवीव्हर, स्काउंड्रल, क्रॅगहार्ट आणि माइंडथीफ हे सहाच खुले असतात. बाकीचे मोहीम पुढे सरकते तसे उघडतात. त्या बंद क्लासांविषयी या धाग्यावर कृपया काही लिहू नये, कारण अनेकांच्या खोक्यातील ती पाकिटे अजून फोडायची आहेत.

प्रत्येक फेरीत हातातील दोन कार्डे निवडायची, एकाचा वरचा भाग वापरायचा आणि दुसऱ्याचा खालचा. वापरलेली कार्डे डिस्कार्डमध्ये जातात, आणि काही जोरदार कृतींची कार्डे थेट ‘लॉस्ट’ होतात, म्हणजे त्या सिनॅरिओपुरती (मोहिमेतील त्या एका डावापुरती) गेली. हात संपला की विश्रांती घ्यायची, आणि प्रत्येक विश्रांतीत डिस्कार्डमधील एक कार्ड असेच लॉस्ट होते. दोन कार्डे खेळता येत नाहीत आणि विश्रांतीही घेता येत नाही अशी वेळ आली की पात्र थकून बाहेर पडते. त्यामुळे हातातील कार्डांची संख्या हे या खेळातले खरे आयुष्य आहे. हिट पॉइंट त्यानंतर येतात, कारण मोठा घाव बसलाच तर हातातील एक किंवा डिस्कार्डमधील दोन कार्डे गमावून तो पूर्णपणे टाळता येतो.

एकही लॉस्ट कार्ड न खेळता केवळ शॉर्ट रेस्ट (फेरी न गमावता घेतलेली विश्रांती) घेत गेल्यास किती फेऱ्या मिळतात, हे नियमांवरूनच काढता येते. टिंकररच्या हातात १२ कार्डे असतात, त्याला ३६ फेऱ्या मिळतात. क्रॅगहार्टच्या ११ कार्डांना ३०, ब्रूट आणि माइंडथीफ यांच्या १० कार्डांना २५, स्काउंड्रलच्या ९ कार्डांना २०, आणि स्पेलवीव्हरच्या ८ कार्डांना केवळ १६. म्हणजे बारा आणि आठ कार्डांमधला फरक दीडपट दिसत असला तरी प्रत्यक्ष आयुष्यात तो दुपटीहून अधिक आहे.

याच हिशेबातून लॉस्ट कार्डाची किंमतही कळते. दहा कार्डांच्या ब्रूटने पहिल्याच चक्रात, म्हणजे पहिल्या विश्रांतीपूर्वी, एक लॉस्ट कार्ड खेळले तर त्याच्या २५ फेऱ्यांच्या २१ होतात. तेच कार्ड त्याने हातात चारच कार्डे उरली असताना खेळले तर केवळ एक फेरी कमी होते. कार्डावर छापलेली ताकद तीच असते, किंमत मात्र चौपट. बिल्ड निवडताना आपण कार्डांची यादी करतो. माझ्या मते त्या यादीसोबत ‘कोणते लॉस्ट कार्ड कितव्या विश्रांतीनंतर’ हेही ठरवले पाहिजे, नाहीतर ते बिल्ड अर्धेच राहते.

आता गटाविषयी. आमच्यापैकी दोघे मध्य रेल्वेवरून येतात, आणि रविवारी मेगाब्लॉक असला की त्यांच्यापैकी एखाद्याचे येणे रद्द होते. त्यामुळे चौघांसाठी उत्तम असलेला गट तिघांनाही झेपला पाहिजे. ब्रूट, स्काउंड्रल, स्पेलवीव्हर आणि टिंकरर अशी माझी पहिली निवड आहे. क्रॅगहार्ट मी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला आहे, कारण त्याच्या अनेक कृती शेजारच्या शत्रूंप्रमाणे शेजारच्या मित्रांनाही इजा करतात, आणि स्काउंड्रलचे तर निम्मे काम शत्रूला मित्रासोबत खेटून उभे राहण्यावर चालते. यावर आपली मते द्यावीत.

निळा फासा

उत्तम मांडणी. फेऱ्यांचे आकडे मी स्वतः मांडून पाहिले, ते बरोबर आहेत. पण त्यांतून काढलेल्या निष्कर्षाला एक मर्यादा घालावीशी वाटते. ३६ किंवा २५ ही वरची मर्यादा आहे, ते ध्येय नव्हे. सिनॅरिओ जिंकला त्या क्षणी हातात शिल्लक राहिलेल्या कार्डांना काहीही मोल नसते. शत्रू एक फेरी आधी मेला तर तो एक हल्ला कमी करतो, आणि तो हल्ला टाळण्यासाठी कदाचित कार्डच गमवावे लागले असते. म्हणून पहिल्या दालनात गर्दी असेल तर पहिल्याच चक्रात लॉस्ट कार्ड खेळणे अनेकदा स्वस्त पडते. चार फेऱ्यांची किंमत मान्य आहे, पण त्या बदल्यात गटातील चौघांच्या मिळून किती फेऱ्या वाचल्या हेही मोजावे लागेल.

दुसरा मुद्दा ब्रूटचा. नवे खेळाडू त्याला ढाल समजतात आणि शत्रू आपोआप त्याच्याकडेच येतील असे गृहीत धरतात. या खेळात शत्रूला आपल्याकडे ओढून घेण्याचा सर्वसाधारण नियम नाही. ज्याच्यावर कमीत कमी हालचालीत हल्ला करता येईल त्याला राक्षस लक्ष्य करतो. तिथे बरोबरी झाली तर जो जवळ त्याला, आणि तिथेही बरोबरी झाली तर इनिशिएटिव्हमध्ये (फेरीतील क्रम ठरवणाऱ्या कार्डावरील आकड्यात) जो आधी त्याला. म्हणजे ब्रूटने ढाल व्हायचे असेल तर सर्वांत पुढे उभे राहावे लागते, आणि स्काउंड्रल त्याच्या शेजारी आली तर कमी इनिशिएटिव्हमुळे बरोबरीत मार तिलाच बसतो. तुमच्या निवडीतील ही जोडी चांगली आहे, पण त्या दोघांना एकमेकांचा वेग रोज जुळवावा लागेल. नियमांनुसार नेमका आकडा सांगता येत नाही. ‘मी लवकर जाणार’, ‘मी बऱ्यापैकी उशिरा’ एवढेच बोलता येते. त्यामुळे हे जुळवणे सवयीनेच येते.

ब्रूटच्या बिल्डबाबत माझे मत स्पष्ट आहे. वॉर्डिंग स्ट्रेंथ आणि आय फॉर ॲन आय या कार्डांभोवती संरक्षण आणि प्रतिहल्ला रचण्याचा मोह होतो, पण प्रतिहल्ला साधारणपणे शेजारच्या शत्रूलाच लागतो. लांबून बाण मारणाऱ्यांपुढे तो निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी चालता-फिरता ब्रूट अधिक उपयोगी आहे. ट्रॅम्पलच्या खालच्या भागात तो चार घरे उडी मारत जातो आणि ज्यांच्यावरून जातो त्या प्रत्येक शत्रूवर हल्ला करतो, आणि वरच्या भागाचा हल्ला त्या फेरीत मोकळाच राहतो. एकाच फेरीत खालच्या आणि वरच्या, दोन्ही भागांतून हल्ला करणारा क्लास स्वतःच्या कार्डांचे आयुष्य खऱ्या अर्थाने वाढवतो, कारण तीच दोन कार्डे दुप्पट काम करतात.

चौथी खुर्ची

मी स्पेलवीव्हर दीर्घकाळ खेळत आहे, म्हणून तिच्यापुरते लिहिते. धाग्यात तिच्या वाट्याला १६ फेऱ्या दाखवल्या आहेत, पण रिव्हायव्हिंग ईथर हे कार्ड त्या हिशेबात धरलेले नाही. त्या कार्डाचा वरचा भाग सगळी लॉस्ट कार्डे परत हातात आणतो आणि मग ते स्वतः जाते. इतर कोणतेही लॉस्ट कार्ड न खेळता हे कार्ड अगदी शेवटी, हातात दोनच कार्डे उरली असताना खेळले तर एकूण २८ फेऱ्या होतात. म्हणजे ती ब्रूटच्याही पुढे जाते. अर्थात असे खेळणे शहाणपणाचे नाही, कारण तिची सारी ताकद लॉस्ट कार्डांतच आहे आणि त्या कार्डांमुळेच तिला अनुभवाचे गुणही मिळतात. फायर ऑर्ब्स एका वेळी तीन शत्रूंवर जाते; ईथरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असे ते एका सिनॅरिओत दोनदा खेळायचे असते.

मात्र एक गोष्ट नव्या खेळाडूंनी लिहून ठेवावी. शॉर्ट रेस्टमध्ये डिस्कार्डमधील कोणते कार्ड जाणार हे नशिबावर असते. एक हिट पॉइंट देऊन एकदाच दुसरे कार्ड काढता येते. ईथर केवळ त्याच्या खालच्या भागातील उडीसाठी वापरले आणि मग शॉर्ट रेस्ट घेतली तर ते जाऊ शकते, आणि ते गेले की स्पेलवीव्हरचा अर्धा सिनॅरिओच जातो. विश्रांती केवळ डिस्कार्डमधून कार्ड नेते, हातातून नेत नाही. त्यामुळे ईथर हातातच राहू द्यावे, किंवा ते डिस्कार्डमध्ये असेल तेव्हा लाँग रेस्टच घ्यावी. लाँग रेस्टमध्ये जाणारे कार्ड आपण निवडतो, दोन हिट पॉइंट परत मिळतात आणि वापरलेल्या काही वस्तूही पुन्हा सज्ज होतात. त्या बदल्यात संपूर्ण फेरी हातची जाते. पहिल्या लेव्हलला सहाच हिट पॉइंट असलेल्या पात्राला हा सौदा अनेकदा परवडतो. फ्रॉस्ट आर्मर मी त्यासाठीच बाळगते: पुढचे दोन हल्ले अंगावर आले तरी इजा होत नाही.

तुमच्या गटाविषयी एक सुचवते. माइंडथीफ आणि स्पेलवीव्हर या दोघींच्या कार्डांत बर्फाचे तत्त्व आहे. एकीने निर्माण केलेले तत्त्व दुसरी नंतर येऊन वापरू शकते. टिंकररऐवजी माइंडथीफचा विचार केलात का?

खारफुटी (धागाकर्ता)

निळा फासा, शिल्लक कार्डांना मोल नसते हा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या मांडणीला पूरकच आहे. फेऱ्यांचा हिशेब काटकसर करण्यासाठी नव्हे, तर नेमका खर्च किती झाला हे कळावे म्हणून मांडला आहे.

चौथी खुर्ची, २८ हा आकडा मी पुन्हा मांडून पाहिला आणि तो बरोबर आहे. ईथर खेळताना सोबतचे कार्ड डिस्कार्डमध्ये जाते आणि सहा परत येतात, म्हणजे पुढे सात कार्डांचे आयुष्य उरते. माइंडथीफबद्दल मात्र मला एक शंका आहे, आणि तीही कार्डांचीच. द माइंड्स वीकनेस हे ऑगमेंट (समोर ठेवून सतत परिणाम देणारे कार्ड) समोर ठेवले की जवळच्या प्रत्येक हल्ल्याला दोनची भर पडते, हे फार मोठे बळ आहे. पण ते कार्ड समोर पडून असेपर्यंत फिरत्या हातात येत नाही. पहिल्याच चक्रात ते खाली ठेवून शेवटपर्यंत तसेच राखले तर दहा कार्डांच्या २५ फेऱ्यांच्या २१ होतात, म्हणजे एक लॉस्ट कार्ड खेळल्याइतकीच किंमत पडते. तिच्याकडेही पहिल्या लेव्हलला सहाच हिट पॉइंट, आणि काम मात्र शत्रूच्या अंगाशी जाऊन करायचे.

पहाटवारा

मी माइंडथीफच्या बाजूने बोलतो. ऑगमेंटमुळे चार फेऱ्या जातात हे खरे, पण त्या बदल्यात उरलेल्या जवळजवळ प्रत्येक हल्ल्यावर दोनची भर मिळते. पहिल्या लेव्हलला तीनचा हल्ला पाच होणे म्हणजे सामान्य शत्रू एका फेरीऐवजी दोन फेऱ्या जिवंत राहतो की नाही, याचा निर्णय. असा मोबदला देणारे लॉस्ट कार्ड सहा क्लासांत शोधून दाखवणे कठीण आहे.

माइंडथीफ आणि स्काउंड्रल यांची तुलना नेहमी नुकसानावर केली जाते, ती मला पटत नाही. स्काउंड्रलचा हल्ला परिस्थितीवर अवलंबून आहे. शत्रू एकटा सापडला किंवा आपल्या मित्राच्या शेजारी असला तर तिचे आकडे वाढतात. दाट गर्दीत एकटी सापडली तर ती साधीच उरते. माइंडथीफला अशी अट नाही, शत्रूला स्तब्ध करण्याची कार्डेही तिच्याकडे आहेत, आणि स्तब्ध झालेला शत्रू आपल्या पुढच्या वळणावर काहीच करत नाही. तिघांचाच गट बसणार असेल तेव्हा अटींवर चालणारा क्लास अधिक अडचणीत येतो, कारण शेजारी उभे राहायला माणसेच कमी असतात. तुमच्या मेगाब्लॉकच्या रविवारी हाच फरक निर्णायक ठरेल.

क्रॅगहार्टला तुम्ही फार लवकर बाजूला केले असेही वाटते. त्याच्या आजूबाजूच्या सर्वांना इजा करणाऱ्या कृती ‘हल्ला’ या प्रकारात मोडत नाहीत; त्यामुळे शत्रूच्या ढालीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही आणि त्यासाठी मॉडिफायरचे (हल्ल्याचा आकडा नशिबाने कमी-जास्त करणारे) कार्डही ओढावे लागत नाही. जाड कवचाच्या शत्रूंसमोर बाकीचे पाचही जण झगडत असतात तेव्हा तो शांतपणे काम करतो. लांबून मारणे, जवळून मारणे, थोडे बरे करणे आणि अडथळे उभारून वाट बंद करणे हे सारे त्याला येते, आणि हातात ११ कार्डे. कोणीही गैरहजर असले तरी ती जागा भरून काढणारा क्लास हवा असेल तर तो हाच आहे.

उंबरठा

हा धागा वाचून खेळ सुरू करण्याची इच्छा झाली आहे, पण घर लहान आहे आणि जेवणाचे टेबल चौघांना जेमतेम पुरते. मोठ्या खोक्याऐवजी दुसरा काही मार्ग आहे का? आणि त्यात क्लासांची अशीच विविधता मिळेल का?

निळा फासा

उंबरठा, तुमच्यासाठी २०२० साली आलेला, ग्लूमहेवनचाच लहान भाऊ असलेला जॉज ऑफ द लायन योग्य आहे. मूळ खोके सुमारे दहा किलोचे आहे आणि त्यातील नकाशाचे तुकडे मांडायला मोठी जागा लागते; ते लोकलमधून नेणे-आणणे तर मी कोणालाच सुचवणार नाही. लायनमध्ये पुस्तकाचे पान हाच नकाशा असतो. २५ सिनॅरिओ आहेत आणि त्यांतील पहिले पाच शिकवण्यासाठीच रचले आहेत. चार क्लास मिळतात: रेड गार्ड, हॅचेट, व्हॉइडवॉर्डन आणि डेमोलिशनिस्ट. हे चौघे मोठ्या ग्लूमहेवनमध्येही खेळवता येतात, त्यामुळे पुढे मोठे खोके घेतले तरी खर्च वाया जात नाही.

पहिला क्लास म्हणून दोघांसाठी रेड गार्ड आणि हॅचेट घ्या. हॅचेटचा सारा खेळ त्याच्या लाडक्या कुऱ्हाडीभोवती फिरतो. ती फेकली की हल्ला वाढतो, पण ती जिथे पडली तिथे जाऊन उचलून आणावी लागते, म्हणून त्याला हालचालीचे नियोजन करायला शिकावेच लागते. व्हॉइडवॉर्डन गटासाठी फार मौल्यवान आहे, पण ती इतरांकडून कृती करवून घेते, त्यामुळे इतरांचे क्लास माहीत झाल्यावरच ती खुलते.

मांडणी

टिंकररवर या धाग्यात कोणीच नीट लिहिलेले नाही, आणि धागाकर्त्यांनी तो गटात घेऊनही त्याचे कारण दिलेले नाही, म्हणून मी लिहिते. ‘टिंकरर नुकसान कमी करतो’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती खरी आहे. पण ज्यांना तो दुबळा वाटतो ते बहुतेक वेळा त्याला ब्रूटसारखे काटकसरीने खेळत असतात. खारफुटी यांचाच हिशेब पुढे नेऊन पाहा. बारा कार्डांच्या टिंकररने पहिल्याच चक्रात दोन लॉस्ट कार्डे खेळली तरी त्याच्याकडे २६ फेऱ्या राहतात. एकही लॉस्ट कार्ड न खेळणाऱ्या ब्रूटपेक्षा एक जास्त. त्याच्या हातातील लांबी ही साठवून ठेवण्यासाठी दिलेली नाही. पहिल्या दोन दालनांत मोठी कार्डे मोकळ्या हाताने खेळणारा टिंकरर आणि तीच कार्डे शेवटपर्यंत जपणारा टिंकरर हे जवळजवळ दोन वेगळे क्लास आहेत.

दुसरे म्हणजे त्याचे नेट शूटर. जवळून लढणाऱ्या शत्रूला जागच्या जागी खिळवले आणि आपण त्याच्या पोहोचीबाहेर गेलो की त्याचा हल्ला संपूर्ण वाया जातो. टाळलेला प्रत्येक हल्ला हे बरे करण्यापेक्षा मोठे काम आहे, कारण बरे करण्यासाठी कार्डाचा एक भाग खर्च होतो. टिंकररला फक्त वैद्य म्हणून बिल्ड करणे मला म्हणूनच चुकीचे वाटते. बरे करण्याचे एक किंवा दोनच पर्याय हातात ठेवावेत आणि उरलेली जागा शत्रूला रोखणाऱ्या कार्डांना द्यावी.

लेव्हल वाढताना एक गोष्ट सर्वच क्लासांना लागू होते: हातातील संख्या वाढत नाही, केवळ निवडीचा साठा वाढतो. दुसऱ्या लेव्हलला ४५ अनुभवगुण लागतात आणि नवव्याला ५००, म्हणजे संपूर्ण प्रवासात आठच नवी कार्डे मिळतात. नवे कार्ड चांगले आहे का, यापेक्षा ते कोणत्या जुन्या कार्डाच्या जागी बसेल हे आधी पाहावे. टिंकररच्या बारांमध्ये जागा सहज सापडते. स्पेलवीव्हरच्या आठांमध्ये ईथर हलवता येत नसल्याने सातच जागा उरतात, त्यामुळे तिच्या प्रत्येक लेव्हलचा निर्णय अधिक कठीण असतो.

पहाटवारा

टिंकररबाबत हा दृष्टिकोन पटला. पहिल्या चक्रात दोन लॉस्ट कार्डे, हे आमच्या गटातील टिंकररला आजच सांगतो.

चौथी खुर्ची

बिल्ड म्हणजे केवळ कार्डे नव्हेत. पर्कही (मॉडिफायरची कार्डे सुधारण्याच्या सवलती) त्यात येतात आणि त्यांची चर्चा राहून गेली आहे. प्रत्येकाचा मॉडिफायर डेक २० कार्डांनी सुरू होतो. त्यात शून्याची सहा, +१ ची पाच, −१ ची पाच, +२ आणि −२ ची प्रत्येकी एक, हल्ला फुकट घालवणारे एक आणि दुप्पट करणारे एक. बेरीज बरोबर शून्य येते. ‘दोन −१ काढा’ हा पर्क घेतला की १८ कार्डे उरतात आणि सरासरी थोडी वर सरकते. ‘चार शून्ये काढा’ या पर्कने सरासरी हलत नाही, पण डेक १६ चा होतो, म्हणजे हल्ला फुकट जाण्याची शक्यता विसात एकवरून सोळात एक होते आणि दुप्पट होण्याचीही तेवढीच वाढते. पुढे जी चांगली कार्डे भरली जातील ती अधिक वेळा येतील, हा त्याचा खरा लाभ आहे. म्हणून मी आधी −१ काढते, मग शून्ये, आणि त्यानंतरच नवी कार्डे भरते.

क्लासनुसार फरक असा पडतो. स्पेलवीव्हरच्या बहुलक्ष्यी हल्ल्यात प्रत्येक शत्रूसाठी स्वतंत्र कार्ड ओढले जाते, त्यामुळे एखादे वाईट आले तरी बाकीचे सावरून घेतात. स्काउंड्रल मात्र एकाच शत्रूवर सगळे पणाला लावते. तिच्या मोठ्या हल्ल्यावर शून्यवत करणारे कार्ड आले की संपूर्ण फेरीची तयारी जाते. तिने असा हल्ला शक्यतो ॲडव्हान्टेज असतानाच करावा, म्हणजे दोन कार्डांतील चांगले घेता येते. ब्रूटला ‘वस्तूंचे वाईट परिणाम टाळा आणि एक +१ घ्या’ असा पर्क आहे. जड चिलखत घातल्यावर डेकमध्ये शिरणारी −१ ची कार्डे त्याला लागत नाहीत, म्हणून तो पर्क त्याने चिलखत विकत घेण्याच्या बेताशी जुळवूनच घ्यावा.

खारफुटी (धागाकर्ता)

या चर्चेनंतर गटात बोलणे झाले, आणि निवड थोडी बदलली आहे. मांडणी यांच्या हिशेबाने टिंकररचे स्थान पक्के झाले, आणि पहाटवारा यांचा अटींवर चालणाऱ्या क्लासांचा मुद्दा सर्वांना पटला. तरी स्काउंड्रल आम्ही ठेवत आहोत, पण एका अटीवर: ब्रूट आणि स्काउंड्रल हे दोन्ही क्लास पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्या दोघांकडे राहतील. ते दोघे एकाच भागातून एकत्र येतात, त्यामुळे एकमेकांवर अवलंबून असलेली जोडी सहसा फुटणार नाही. मध्य रेल्वेवरून येणाऱ्या दोघांकडे स्पेलवीव्हर आणि टिंकरर, म्हणजे त्यांपैकी एक आला नाही तरी उरलेल्या तिघांचा खेळ चालू राहील. राक्षसांची संख्या हजर खेळाडूंच्या संख्येनुसार ठरते आणि सिनॅरिओची पातळी हजर पात्रांच्या सरासरी लेव्हलच्या निम्म्यावर, अपूर्णांक वर चढवून ठरते, त्यामुळे तिघांवर अन्याय होत नाही. क्रॅगहार्टची आठवण मात्र ठेवली आहे. ज्याचे पात्र प्रथम निवृत्त होईल त्याने नव्याने उघडलेल्या क्लाससोबत क्रॅगहार्टचाही विचार करावा असे ठरले, आणि तोवर गटात स्काउंड्रल आहे की नाही हे पाहून निर्णय होईल.

एकच प्रश्न उरतो. सुरुवातीच्या ३० नाण्यांत स्काउंड्रलने काय घ्यावे?

निळा फासा

अदृश्यतेचा अंगरखा २० आणि लहान स्टॅमिना पोशन १०, एकूण बरोबर ३०. पहिल्या लेव्हलला एकच लहान वस्तू बाळगता येते, ती जागा पोशनला जाईल. ते डिस्कार्डमधील दोन कार्डे परत देते, म्हणजे नऊ कार्डांच्या हाताला एक फेरी जास्त आणि तीही स्वतःच्या सर्वोत्तम जोडीची. अंगरख्याचा उपयोग पळून जाण्यासाठी करू नका. अदृश्यता पुढच्या वळणाच्या अखेरपर्यंत टिकते, म्हणून एका फेरीत लवकर अदृश्य व्हायचे आणि पुढच्या फेरीत उशिराचे कार्ड खेळायचे, की जवळजवळ दोन फेऱ्या पदरात पडतात. राक्षस अदृश्य पात्राला लक्ष्य करू शकत नाहीत आणि त्याच्या घरातून जाऊही शकत नाहीत; ते त्याला अडथळाच मानतात. तेव्हा दाराच्या चौकटीत उभे राहूनच अदृश्य व्हावे. दुसरी वाट नसेल तर आतले शत्रू आतच अडकतात, ब्रूटला शॉर्ट रेस्टनंतर पुढे यायला वेळ मिळतो, आणि स्पेलवीव्हरला फायर ऑर्ब्ससाठी तीन शत्रू एका ठिकाणी मिळतात.